पडद्यावरचा ६.२ हा आकडा ग्राह्य न धरण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
जलाशय व बांध देखभाल विभाग,
विभागीय कार्यालय.

अर्जदार : मापन सहायक, बांध उपकेंद्र.

विषय : बांधाच्या पायथ्याशी होणारी गळती लॅपटॉपवर दिसते त्याहून पुष्कळ जास्त असल्याने तळदरवाजा उघडण्याचा लेखी आदेश आजच मिळण्याबाबत.

संदर्भ : १) संगणकांची कार्यप्रणाली अद्ययावत करण्याबाबतचे परिपत्रक, दि. १२ सप्टेंबर.
२) माझा विनंती अर्ज, दि. १२ ऑक्टोबर (उत्तर अप्राप्त).
३) मला बजावलेली कारणे दाखवा नोटीस, दि. १६ ऑक्टोबर.
४) आज सकाळी सव्वाअकरा वाजता आपल्या स्वीय सहायकांशी झालेले फोनवरील बोलणे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, आपल्या स्वीय सहायकांनी मला फोनवर, "साहेब बैठकीत आहेत, इथे पडद्यावर तुमचं केंद्र हिरवं दिसतंय, काय असेल ते लेखी द्या," असे सांगितले. त्यानुसार लेखी देत आहे. हा अर्ज हाताने लिहिला आहे, कारण उपकेंद्राचा लॅपटॉप मी बंद करून ठेवला आहे. तो का बंद केला हे परिच्छेद ७ मध्ये येईल. आपल्याला वेळ नसेल तर परिच्छेद ८ आधी वाचावा आणि बाकीचे मागाहून.

१) मी या उपकेंद्रात चौदा वर्षे मापन सहायक आहे. मातीच्या बांधातून थोडे पाणी झिरपतच असते. ते पायथ्याच्या चरात गोळा होऊन एका लहान खोलीतून बाहेर पडते. खोलीत त्रिकोणी खाच पाडलेला पत्रा आहे. खाचेतून पाणी किती उंचीने वाहते ते मोजायचे, एवढेच माझे काम. उंची दुप्पट झाली तर पाणी दुप्पट होत नाही, जवळजवळ साडेपाच पट होते. आपण हे जाणताच, तरी लिहिते, कारण नोटिशीत "दोन-चार सेंटिमीटरचा किरकोळ फरक" असा उल्लेख आहे.

आठ वर्षे मी रोज दोनशे बारा पायऱ्या उतरून हा आकडा वहीत लिहीत असे. सहा वर्षांपूर्वी खोलीत यंत्र बसले. तेथून वायर वर कार्यालयात आली, लॅपटॉपला जोडली गेली, आणि दुहेरी काम टाळण्यासाठी पायऱ्या उतरणे लेखी आदेशाने बंद झाले. मला बरेच वाटले होते. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरू लागले होते.

२) सदर लॅपटॉप अकरा वर्षांचा आहे. त्याची बॅटरी फुगल्याने तीन वर्षांपूर्वी काढून टाकली आणि तेव्हापासून तो थेट विजेवर चालतो. वायर निघाली की जागच्या जागी बंद पडतो. झाकणाचे बिजागर तुटल्यामुळे पाठीमागे जुन्या नोंदवह्यांचा टेकू दिलेला आहे. यंदाच्या जुलैपासून तो सुरू व्हायला पंचवीस मिनिटे घेऊ लागला. मी माझ्या बुद्धीप्रमाणे उपाय केले : पंख्यातली धूळ दाढीच्या ब्रशने काढली, जुने फोटो व छापलेली पत्रे पुसली, आपोआप सुरू होणारे नको ते कार्यक्रम बंद केले, डिस्कची तपासणी लावली. तपासणीत डिस्कमधून घड्याळासारखा टकटक आवाज येत होता. पण हेही नमूद करते की, एवढे सगळे होऊन त्याने गळतीचा आकडा एकदाही चुकवला नाही. म्हातारा चालायला हळू होता, पण खोटे बोलत नव्हता.

नवीन लॅपटॉपची मागणी मी दोनदा केली. त्यावर संदर्भ क्र. १ चे परिपत्रक आले. जुन्या कार्यप्रणालीचे सर्व संगणक ५ ऑक्टोबरपूर्वी अद्ययावत करावेत, अन्यथा ते जाळ्यातून तोडले जातील, असा त्याचा आशय होता. अद्ययावत केल्यानंतर खोलीतले यंत्र ओळखले जाईल ना, असे मी पत्राने विचारले. संगणक कक्षाकडून फोन आला की, तसे सगळे तपासूनच परिपत्रक निघाले आहे.

३) दि. ४ ऑक्टोबर रोजी सकाळी अकरा वाजता संगणक कक्षाचे तंत्रज्ञ आले. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यांच्यावर बेचाळीस संगणकांचे काम होते, आमचा अडतिसावा. जेवणाचा डबा त्यांनी उभ्याउभ्याच खाल्ला. काम त्र्याऐंशी टक्क्यांवर येऊन दोन तास अडले. लॅपटॉपला हात लावता येत नव्हता इतका तापला, म्हणून आम्ही टेबलफॅन त्याच्या तोंडाशी लावला. संध्याकाळी साडेपाचला नवीन पडदा उजळला.

त्यानंतर प्रिंटर सापडेना, मराठी कळफलक गायब, पडद्याचा उजेड कमी होईना. हे सगळे आम्ही एकेक करून सोडवले. यंत्राचा कार्यक्रम मात्र उघडला की चूक दाखवणारी चौकट यायची आणि तो मिटायचा. सात-आठ वेळा असे झाल्यावर तंत्रज्ञांनी सेटिंगमध्ये जाऊन एका ओळीपुढे खूण केली. ती ओळ अशी होती : संकेत न मिळाल्यास शेवटचा आकडा कायम ठेवा. चौकट यायची थांबली. कोपऱ्यातला दिवा हिरवा झाला. आकडा आला, ६.२ सेंटिमीटर.

मी विचारले, "हा आत्ताचा आहे का?"

ते बॅग भरत म्हणाले, "ताई, हिरवा दिवा आहे ना? मग झालं. उद्यापासून आपोआप घेईल."

मी त्यांच्या कागदावर 'काम समाधानकारक' असे लिहून सही केली. ती सही माझी आहे.

४) दि. ५ ते १० या सहा दिवसांत आकडा सकाळ-संध्याकाळ ६.२ होता. जलाशय काठोकाठ भरलेला असताना गळती दशांशाने तरी हलतेच, हे मला चौदा वर्षांत माहीत झाले आहे. तरी मी सहा दिवस गप्प राहिले. यंत्र बिघडले असेल असे मनात येई आणि दिवा हिरवा बघून जाई. अकराव्या तारखेला मात्र राहवेना. आदेश मोडून पायऱ्या उतरले. खोलीतल्या उंची मोजायच्या पट्टीवर ८.१ होते. पाणी स्वच्छ होते.

उपअभियंता महोदयांना फोन केला. त्यांनी विचारले, "स्क्रीनवर काय आहे?"

मी म्हणाले, "सहा पॉइंट दोन. पण पट्टीवर आठ पॉइंट एक आहे."

"पट्टीला शेवाळ धरलं असेल. अहवाल स्क्रीनवरून जातो, पट्टीवरून नाही."

मी पट्टी घासून पुन्हा वाचली. ८.१ च होते.

५) त्यानंतर लॅपटॉप दुरुस्त करण्याचे मी जे जे प्रयत्न केले ते असे : वायर काढून पुसून पुन्हा जोडली, दुसऱ्या छिद्रात घातली, जोडणीचा जुना तुकडा बदलून पाहिला. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत आमच्या यंत्राच्या नावाशेजारी पिवळी खूण होती, म्हणजे नवीन कार्यप्रणाली त्याला ओळखतच नव्हती. यंत्रासोबत आलेली सीडी कपाटात सापडली. लॅपटॉपचा सीडीचा कप्पा उघडेना, तो केसातल्या पिनेने उघडला. त्यातला कार्यक्रम चढवायला गेले तर 'हा अधिकृत नाही' म्हणून नकार आला. ज्या कंपनीने यंत्र बनवले होते तिचा फोन लागत नाही.

राहिला एकच उपाय, जुन्या कार्यप्रणालीवर परत जाण्याचा. तशी सोय लॅपटॉपमध्येच दिलेली होती, फक्त दहा दिवसांपुरती. चौथ्या तारखेपासून दहा दिवस म्हणजे चौदा तारीख. परिपत्रकाप्रमाणे परवानगीशिवाय मागे जाता येत नाही, म्हणून मी बाराव्या तारखेला संदर्भ क्र. २ चा अर्ज केला. दोन दिवस कोणी काही कळवले नाही. चौदाला संध्याकाळी कार्यालय सुटायच्या वेळी मी त्या बटणावर बाण नेऊन बसले होते. घरून दोनदा फोन आला. बटण दाबले नाही. परवानगी नव्हती.

पंधराव्या तारखेला सकाळी ते बटण तिथे नव्हते. जागा कोरी होती.

महोदय, चौदा वर्षांत मी केलेल्या कामात लाज वाटावी असे हे एकच काम आहे, आणि ते नियमात बसणारे आहे.

६) त्याच दिवशी, पंधराला, पट्टीवर ११.४ होते आणि पाणी बदलले होते. चहात दुधाचा थेंब पडावा तसा रंग होता. माझे वडील याच बांधावर दरवाजा चालवून निवृत्त झाले. वय चौऱ्याहत्तर, कानाने कमी ऐकतात. त्यांना धरून धरून खाली नेले. त्यांनी पाण्यात हात घातला, दोन बोटे एकमेकांवर चोळली आणि म्हणाले, "हे झिरपणं नाही गं. बांध आतून जातोय. स्वच्छ पाणी कितीही येऊ दे, घाबरायचं नाही. गढूळ आलं की मोजत बसायचं नाही."

बांधाखाली त्रेसष्ट घरांची वस्ती आहे. त्यात माझी धाकटी बहीण, तिचे शिवणाचे दुकान, तिची दोन मुले आणि अंथरुणावर असलेली सासू आहे. मी संध्याकाळी घरोघर जाऊन सांगितले की, वरच्या शाळेत दोन-चार दिवस राहायला चला. कोणी आले नाही. त्यांचा दोष नाही. रोज सकाळी सात वाजता मुख्यालयाच्या यंत्रातून वस्तीतल्या प्रत्येक फोनवर संदेश जातो : गळती ६.२, सामान्य. बहीण मशीनवरून न उठता म्हणाली, "ताई, तुझंच ऑफिस रोज सांगतं सगळं ठीक आहे आणि तूच दारोदार घाबरवत फिरतेस. आधी तुम्ही आपसात ठरवा."

दुसऱ्या दिवशी मला नोटीस मिळाली. अफवा पसरवणे, आणि मनाई असताना पायथ्याशी जाणे. दोन्ही आरोप वस्तुस्थितीस धरून आहेत. पायथ्याशी मी गेले. बाकी, अफवा खरी असेल तर तिला काय म्हणावे हे मला ठाऊक नाही.

७) आज दि. १७ रोजी सकाळी सहा वाजता पट्टीवर १४.२ होते. खोलीपासून दहा पावलांवर, जिथे कधी ओल नव्हती, तिथे जमिनीतून झरा लागला आहे. पाणी भाताच्या पेजेसारखे उकळत वर येते आणि तोंडाभोवती बारीक मातीचा कडा करते. मुंगीच्या वारुळासारखा. मी उभी असताना तो कडा करंगळीएवढा वाढला.

निदान आजचा सातचा संदेश तरी जाऊ नये म्हणून मी वर येऊन लॅपटॉपची वायर काढली. तो तत्काळ बंद पडला. कोणी पुन्हा सुरू करू नये म्हणून तो पिशवीत घालून वस्तीत घेऊन गेले. शासकीय साहित्य कार्यालयाबाहेर नेल्याचा हा तिसरा आरोप नोटिशीत जोडून घ्यावा.

वस्तीच्या सार्वजनिक नळावर पाण्यासाठी रांग होती. बहीणही रांगेत होती. मी लॅपटॉप नळाच्या ओट्यावर ठेवून म्हणाले, "आज मेसेज येणार नाही. आकडा पाठवणारं मशीन हे आहे आणि मी ते बंद केलंय. आता तरी बांधाच्या पायथ्याशी चला, झरा बघा."

एक गृहस्थ हसले. तेवढ्यात सात वाजले.

आधी माझाच फोन वाजला, मग बहिणीचा, मग रांगेतले सगळे. गळती ६.२, सामान्य.

मलाही हे अपेक्षित नव्हते. चौकशीअंती आता कळते की, एखाद्या केंद्राकडून आकडा आला नाही तर मुख्यालयाचे यंत्र आदला आकडा धरून संदेश पाठवते. बहिणीने हंडा खाली ठेवला. लॅपटॉपचे झाकण उघडून बघितले, काळ्या पडद्यावर बोट फिरवले, बटण दाबून बघितले, उलटा करून बॅटरीची रिकामी खाच बघितली. मग हातातला फोन पुन्हा वाचला.

"हे मेलंय," ती म्हणाली. "मग बोलतंय कोण?"

मी म्हणाले, "चौथ्या तारखेपासून कोणीच नाही."

ती हंडा तिथेच टाकून घराकडे गेली. तिच्यामागे रांग मोडली. सासूला खाटेसकट चौघांनी उचलले. साडेदहापर्यंत त्रेसष्टच्या त्रेसष्ट घरांना कुलपे लागली आणि माणसे वरच्या शाळेत पोहोचली. मुख्याध्यापिकांनी विचारणा न करता वर्ग उघडून दिले. त्यांच्यावर कारवाई होऊ नये. जे हसले होते ते गृहस्थ आणि आणखी सातजण परत येऊन वडिलांच्या सांगण्याप्रमाणे झऱ्याभोवती खडी-वाळूच्या पोत्यांचे कडे रचत आहेत. झऱ्याचे तोंड बंद करायचे नाही, नाहीतर ते दुसरीकडे फुटेल, फक्त माती अडवून पाणी जाऊ द्यायचे, असे वडील सांगतात. मी त्यांना दर पंधरा मिनिटांनी वर बोलावून मोजते. सगळे आले की मगच पुन्हा खाली सोडते.

८) आता विनंती. जलाशयाची पातळी उतरवल्याशिवाय गळतीवरचा दाब कमी होणार नाही. त्यासाठी तळदरवाजा पूर्ण उघडला पाहिजे. नदीपात्रात आज माणूस नाही, खाली वस्ती रिकामी आहे, पुढच्या दोन्ही गावांना मी फोनने कळवले आहे. दरवाजाच्या चालकांना, ज्यांना आम्ही गेटवाले काका म्हणतो, मी हात जोडून विनंती केली. ते म्हणाले, "बाई, तुम्ही खोटं बोलत नाही हे मला कळतंय. झरा मी पण बघून आलो. पण चावी माझ्या नावावर आहे, आणि नोकरीची दोन वर्षं राहिलीत. दोन ओळी लेखी आणा, पुढच्या क्षणाला चाक फिरवतो." उपअभियंता महोदय म्हणतात की, हा अधिकार त्यांचा नाही, आपला आहे. तेही नियमाला धरून आहे. आज इथे सर्वांचे वागणे नियमाला धरूनच आहे.

तरी आपण या अर्जाच्या मागच्या बाजूवर 'दरवाजा पूर्ण उघडावा' एवढे लिहून सही व वेळ घालावी. ती बाजू मी कोरी सोडली आहे. अर्ज घेऊन आलेले मुकादम मोटारसायकलवर आले आहेत. येणे-जाणे धरून दीड तास लागतो. त्यांना आवक क्रमांकासाठी खिडकीवर उभे करू नये. त्यांच्याकडे फोन आहे. सही झाली की तिचा फोटो गेटवाल्या काकांना पाठवावा, ते चालेल असे काका म्हणाले आहेत. वडील दरवाजाच्या चाकाशी बसले आहेत. त्यांनी चाकाला आणि दांड्याला वंगण लावून ठेवले आहे.

९) हा सगळा प्रकार माझी समजूत चुकल्याने झाला असे ठरले, तर वस्ती हलवणे, लॅपटॉप बंद करणे, पायथ्याशी जाणे, पाणी वाया घालवायला लावणे, या सर्वांची जबाबदारी माझ्या एकटीची राहील. गेटवाले काका, मुकादम, मुख्याध्यापिका, पोती रचणारे आठजण आणि ते तंत्रज्ञ यांना त्यात ओढू नये. माझे निलंबन मला मान्य आहे. त्याचा आदेश टपालाने आला तरी चालेल. दरवाजाचा मात्र टपालाने येऊ नये.

१०) अर्जाला सुरुवात केली तेव्हा दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे झाली होती आणि पट्टीवर १६.८ होते. परिच्छेद ५ लिहून झाल्यावर खाली जाऊन आले, तेव्हा १७.९. आत्ता पोती रचणाऱ्यांपैकी एकाने वर येऊन सांगितले की, आकडा वाचता येत नाही, पाणी पत्र्याच्या वरून जाते आहे. मी त्यांना सर्वांना वर बोलावले आहे. आता खाली कोणी नाही.

अक्षर खराब आल्याबद्दल क्षमस्व.

दि. ११ पर्यंत आज्ञेबाहेर न गेलेली,
आपली नम्र,
(सही)
मापन सहायक, बांध उपकेंद्र

दि. १७ ऑक्टोबर, दुपारी १ वाजून ५ मिनिटे

सोबत :
१) हाताने घेतलेल्या नोंदींचे पान, दि. ११ ते १७.
२) कारणे दाखवा नोटिशीची प्रत.
३) बंद अवस्थेतील लॅपटॉप, पिशवीसह. कृपया सुरू करू नये.
४) गळतीच्या पाण्याच्या तीन बाटल्या, दि. १५, १६ व १७ च्या चिठ्ठ्या लावलेल्या. मोटारसायकलवर ढवळल्या असतील. टेबलावर ठेवल्यास पाच मिनिटांत माती खाली बसते आणि तिन्हींतला फरक दिसतो. पाच मिनिटांहून जास्त थांबू नये.